कुदळीनं आभाळ थंड होतं का?

बीड जिल्ह्यात केज आणि अंबाजोगाईच्या मधल्या एका टेकडीवर आम्ही वीस-पंचवीस जण दर रविवारी सकाळी श्रमदानाला जातो. परवा खालच्या पायवाटेनं म्हशी घेऊन चाललेले एक आजोबा थांबले.

"काय खोदायलात?"

"चर खोदतोय बाबा. पाणी अडवायला."

"ते कळतंय मला. पर ती पोरगी म्हणली, हवामान बदलासाठी. ह्या चरानं आभाळ थंड होणाराय व्हय?"

पोरं हसली. मला मात्र हसू आलं नाही, कारण प्रश्न नेमका होता. सप्टेंबर २०२५ मध्ये मांजरा आणि सिंदफणा काठ सोडून वाहिल्या, उभं सोयाबीन मातीसकट गेलं, आणि तेव्हापासून 'हवामान बदल' हा शब्द पारावरसुद्धा ऐकू येतो. त्याच्या जोडीला 'झाडं लावा, श्रमदान करा' हा उपदेशही. या दोहोंचा एकमेकांशी संबंध काय, हे मात्र कुणी नीट सांगत नाही. आजोबांना त्या दिवशी उभ्या-उभ्या जे धड सांगता आलं नाही, ते इथं लिहितो.

आधी वाकळीची गोष्ट

पृथ्वीवर ऊन पडतं, जमीन तापते आणि ती उष्णता परत आभाळाकडे जाते. हवेतले काही वायू तिच्यातली काही उष्णता अडवून धरतात. ही आपली वाकळच समजा. ती नसती तर पृथ्वी गोठून गेली असती. पण गेल्या दोनशे वर्षांत कोळसा, डिझेल, पेट्रोल जाळून आपण या वाकळीवर ठिगळावर ठिगळ लावत आलोय. त्यातला मुख्य वायू म्हणजे कार्बन डायऑक्साइड. कारखानदारी सुरू होण्याआधी हवेच्या दहा लाख भागांत तो २८० भाग होता. आता ४२० च्या पुढे गेलाय. २०२४ हे मोजदाद सुरू झाल्यापासूनचं सगळ्यात उष्ण वर्ष ठरलं.

उष्णता वाढली की पाऊस का बिघडतो? हवा एक अंशानं तापली की तिच्यात साधारण सात टक्के जास्त वाफ मावते. घागर मोठी झाली असं समजा. मोठी घागर भरायला वेळ लागतो, म्हणून पावसात खंड पडतात. आणि एकदा कलंडली की सगळं पाणी एकाच जागी ओतते. मराठवाड्यात पावसाळ्याची सरासरी पावणेसातशे मिलिमीटरच्या आसपास आहे. ती तेवढीच राहिली तरी महिनाभर कोरडं आभाळ आणि मग एका रात्रीत महसूल मंडळात अतिवृष्टी, म्हणजे चोवीस तासांत पासष्ट मिलिमीटरच्या वर पाऊस, असं झालं तर सरासरीला काय चाटायचंय? २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चात गारपिटीनं गहू-हरभरा झोपवला. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. २०२५ ला पूर. पंचवीस वर्षांच्या पोरानं हे तिन्ही पाहिलंय.

एखाद्या विशिष्ट वर्षीचा पूर किंवा दुष्काळ हवामान बदलामुळेच आला, असं लगेच ठोकून देऊ नये. दुष्काळ आपल्याकडे पूर्वीही होते. १९७२ सांगणारी माणसं अजून घराघरांत आहेत. फासे तेच आहेत, पण आता वाईट दान जास्त वेळा पडतं, इतकं म्हणता येईल.

दोन शब्द शिकून घेऊ

या विषयात दोन जड शब्द आहेत. एकदाच सांगतो. शमन म्हणजे वाकळ आणखी जाड होऊ न देणं: धूर कमी करणं आणि हवेतला कार्बन झाडांत, मातीत परत नेणं. अनुकूलन म्हणजे बिघडलेल्या आभाळाखाली घर टिकवणं. जुन्या गावांत माळवदाची घरं होती, तेव्हा पावसाळ्याच्या तोंडावर माळवदावर पांढरी माती चोपून घ्यायचे. पाऊस किती पडेल ते आपल्या हाती नव्हतं, पण घर गळू द्यायचं की नाही हे आपल्या हाती होतं. तसंच हे.

श्रमदानातून अनुकूलन पुष्कळ होतं, शमन थोडं. उलटं सांगणारा भेटला तर त्याच्याकडे हिशेब मागा. आमच्यातले काही उत्साही कार्यकर्ते 'आपण पृथ्वी वाचवतोय' असं म्हणतात तेव्हा मला अवघडल्यासारखं होतं. आपण आपलं शिवार वाचवतोय. ते काय कमी आहे?

एक चर काय करतो

टेकडीवर खोदायचा तो सलग समतल चर. 'समतल' या शब्दात सगळं आलं. चर उताराच्या दिशेनं खोदला तर ती नालीच होते, पाणी उलट जोरात पळतं. तो उताराला आडवा आणि अगदी एका पातळीत हवा. पातळी काढायला आमच्याकडे आकडे लिहिलेल्या दोन काठ्या आणि त्यांना जोडणारी, पाणी भरलेली पारदर्शक नळी असते. गवंडी लेव्हल बघायला वापरतो तीच युक्ती. एक जण काठी रोवून उभा राहतो, दुसरा पुढं जाऊन वर-खाली सरकत राहतो. "बासष्ट!" "माझं पासष्ट, थांब." "आता?" "बासष्ट!" की तिथं फक्की टाकायची. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर आकडा खोटा येतो. पहिल्या वर्षी आमची एक अख्खी रांग अशी तिरकी गेली. पहिल्याच पावसात सगळं पाणी एका टोकाला धावलं आणि भराव फोडून खाली गेलं. तेव्हापासून नळी भरली की सगळे मान वाकडी करून आधी बुडबुडा शोधतात.

दहा फूट लांब, दोन फूट रुंद, एक फूट खोल असा चर घ्या. त्यात साडेपाचशे लिटरच्या वर पाणी मावतं. पावसाळ्यात तो दहादा भरला आणि दहादा जिरला, तर साडेपाच हजार लिटर. चांगल्या मुरमात दोन-तीन माणसांची सकाळ त्यात जाते. पाषाण लागला तर दुपारही जाते.

पाऊस किती मोठी गोष्ट आहे ते एका तुलनेनं सांगतो. एका हेक्टरावर, म्हणजे अडीच एकरावर, एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी होतं. लातूरच्या त्या रेल्वेनं पहिल्या खेपेला पाच लाख लिटर आणलं होतं. तेवढं पाणी अडीच एकर टेकडीवर पन्नास मिलिमीटरच्या एका पावसात पडतं. आणि उघड्या-बोडक्या टेकडीवरून त्यातलं बरंचसं तासाभरात ओढ्याला लागतं, जाताना माती घेऊन.

पाणलोटाच्या कामात जुनं सांगणं आहे: पळत्या पाण्याला चालायला लावा, चालत्याला रांगायला, रांगत्याला थांबवा आणि थांबलेल्याला जिरवा. म्हणून काम माथ्यावरून सुरू करायचं: वर चर, घळीत दगडी बांध, खाली माती नाला बांध, शेतात बांधबंदिस्ती. खाली पायथ्याला मोठा बंधारा बांधायचा आणि वरची टेकडी बोडकी ठेवायची, तर बंधारा दोन-चार पावसाळ्यांत गाळानं भरतो. मराठवाड्यात असे भरलेले बंधारे दाखवायला वेगळी सहल काढावी लागत नाही.

मोठ्या पुरापुढं हे टिकतं का? सप्टेंबरसारखा पाऊस सलग कोसळला तर चर भरून वाहतातच. नदीकाठचं गाव चरांनी वाचत नाही. पण पाण्याचा पहिला लोंढा मंदावतो, टेकडीखालच्या रानातली माती कमी खरवडली जाते. एवढंच सांगता येईल, त्याच्या पुढचं सांगू नये.

आपल्या जमिनीखालच्या पाषाणाचीही मर्यादा आहे. गंगेच्या खोऱ्यातला गाळ पावासारखा: कितीही पाणी प्यायला तयार. आपला बेसाल्ट म्हणजे कडक भाकरी. पाणी शिरतं ते पापुद्र्यात, भेगांत, वरच्या झिजलेल्या मुरमात. म्हणून चांगल्या कामानं विहिरीचं पाणी दोन-चार महिने पुढं ढकललं जातं, लागोपाठ दोन दुष्काळ त्यावर निघत नाहीत.

मग कार्बनचं काय?

आता शमनाचा हिशेब. भरदार वाढलेलं झाड वर्षाला वीसेक किलो कार्बन डायऑक्साइड घेतं, असा ढोबळ आकडा सगळीकडे वापरतात. आपल्या मुरमाड टेकडीवर दहाच धरू. भारतातल्या माणसाच्या वाट्याला सरासरीनं वर्षाला दोन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड येतो. म्हणजे माणशी दोनशे मोठी झाडं. दोन हजार वस्तीच्या गावाला चार लाख झाडं! दहा-दहा फुटांवर लावली तरी हजारभर एकर लागतात, म्हणजे जवळपास शिवारच. खेड्यातल्या माणसाचा वाटा सरासरीहून कमी असतो हे खरं, तरी वाढदिवसाला एक रोप लावून हिशेब चुकता होत नाही.

पण झाडाइतकीच महत्त्वाची, आणि फोटोत न येणारी गोष्ट म्हणजे माती. एका एकराच्या वरच्या सहा इंच मातीत सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पालापाचोळ्यातून आलेला कार्बन, फक्त ०.१ टक्क्यानं वाढला, तर हवेतला जवळपास तीन टन कार्बन डायऑक्साइड त्या मातीत आला असं समजा. ही वाढ एका वर्षात होत नाही, आणि नंतर टिकवावीही लागते. पण टेकडीवरून माती वाहून गेली की कर्बही जातो. उसाचं पाचट पेटवलं, बांध जाळला की मातीत जाऊ शकणारा कर्ब धुरात जातो. पाचटाची कुट्टी करून सरीत आच्छादन करायला चार हात मदतीला गेले, तर तेही हवामानाचंच काम आहे. त्याला कुणी उद्घाटनाला बोलावत नाही इतकंच.

वणव्याचंही तसंच. फेब्रुवारी-मार्चात बालाघाटाच्या डोंगरांवर गवत पेटतं. 'जाळलं की पुढचं गवत चांगलं येतं' असा समज आहे, विडीचं थोटूकही पुरतं. दिवाळीनंतर टेकडीभोवती गवत कापून पाच-सहा मीटर रुंदीची जाळरेषा काढली तर आग तिथं अडते. तीन वर्षं जपलेली रोपं अर्ध्या तासात जळताना एकदा पाहिली की जाळरेषेचं महत्त्व कुणी समजावून सांगावं लागत नाही.

आणि विजेचा एक हिशेब, जो मला स्वतःला फार उशिरा कळला. पाणी वर उचलायला लागणारी ऊर्जा खोलीबरोबर वाढते. पन्नास फुटांच्या विहिरीतून हजार लिटर काढायला समजा विजेच्या युनिटचा दहावा भाग लागला, तर सहाशे फुटांच्या बोअरमधून तेच पाणी काढायला जवळपास सव्वा युनिट लागतं. बारा पट! आपली बरीचशी वीज अजून कोळशावरची आहे, परळीचं औष्णिक केंद्र आपल्याच उशाला आहे. पाणी वर राहिलं तर कोळसा वाचतो. हे शमन कुठल्या फलकावर लिहिलेलं दिसत नाही.

"झाडं लावली की झालं ना?"

लावल्यानं काही होत नाही, जगवल्यानं होतं. २०१९ च्या पावसाळ्यात राज्यात तेहेतीस कोटी वृक्षलागवडीची मोहीम झाली. त्यातली जगली किती, यावर पुढं वाद चालूच राहिला. मी सरकारला हसत नाही, कारण आमची स्वतःची गोष्ट वेगळी नाही. पहिल्या वर्षी आम्ही हौसेनं तीनशे रोपं लावली. दिवाळीपर्यंत शेळ्यांनी निम्मी खाल्ली. उरलेल्यांना उन्हाळ्यात पाणी घालायला फोटोतल्या साठ जणांपैकी सात जण आले. पुढच्या जूनमध्ये एकेचाळीस रोपं उरली होती. आता आम्ही वर्षाला साठच लावतो आणि प्रत्येक रोपाला एक माणूस वाटून देतो.

कुठलं झाड, हाही प्रश्न आहे. हिवर, बोर, बाभूळ, कडुनिंब, पळस, आपटा ही इथलीच, कमी पाण्यावर तगणारी. सीताफळ मूळचं बाहेरचं, पण इथं रुळलेलं आणि तसंच तगणारं. बालाघाटाच्या सीताफळाला तर शेळीही तोंड लावत नाही. हिरवं दिसावं म्हणून लावलेल्या ग्लिरिसिडियाच्या रांगांखाली मला तरी गवत आणि पाखरं कमीच दिसतात.

आणि सगळीकडे झाडं लावूच नयेत. माळरान म्हणजे पडीक जमीन नव्हे. मारवेल, पवन्या, कुसळी या गवतांच्या मुळांनी माती धरलेली असते, मुळांत कार्बन असतो, वर मेंढरं चरतात, चंडोल घरटं करतो. तिथं खड्डे पाडून रोपं लावणं म्हणजे चांगली माती उकरून कार्बन मोकळा करणं. अशा माळावर सगळ्यात मोठं श्रमदान म्हणजे काही न करणं: दोन पावसाळे चराईबंदी ठेवा, गवत आपोआप उठतं.

"जेसीबी एका दिवसात करतो, माणसं कशाला राबवायची?"

जेसीबी तासाला पाचेक लिटर डिझेल पितो. आठ तासांत चाळीस लिटर, म्हणजे शंभर किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड. म्हणून यंत्र नको, असं मी म्हणणार नाही. तलावातला गाळ टोपल्यांनी काढणं हा अट्टहास आहे. जालन्यात नागरिकांनी वर्गणी काढून निजामाच्या काळातल्या घाणेवाडी तलावाचा गाळ काढला तो यंत्रांनीच. शेतकऱ्यांनी तो शेतात नेऊन टाकला, तलाव खोल झाला आणि रानही सुधारलं.

पण चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी यंत्राला जमत नाही. ज्यानं स्वतः चर खोदलाय तो त्यात शेळ्या घालत नाही, आणि शेजाऱ्यानं घातल्या तर भांडतो. २०१६ ला पाणी फाउंडेशनची वॉटर कप ही गावागावांतली पाणी अडवायच्या कामांची स्पर्धा पहिल्यांदा झाली ती तीनच तालुक्यांत, त्यात आमचं अंबाजोगाई होतं. स्पर्धेतल्या त्या दिवसांत वर्षानुवर्षं न बोलणारे भाऊबंद एका चरावर दिसले. स्पर्धा संपल्यावर काही गावांत ते टिकलं, काहींत पोळ्यापर्यंतही नाही. टिकलं तिथं कामंही टिकली.

"पाणी अडवलं आम्ही, उचललं बागायतदारानं"

हा आक्षेप मला सगळ्यात खरा वाटतो. पाणी अडवायच्या कामांसाठीच्या राज्य सरकारच्या जलयुक्त शिवार योजनेवर साडेनऊ हजार कोटींहून जास्त खर्च होऊनही भूजल पातळी वाढण्यावर फारसा परिणाम दिसला नाही, असं सरकारी खर्च तपासणाऱ्या कॅगनं २०२० च्या अहवालात म्हटलं. कामांच्या दर्जाबरोबरच दुसरं कारण सगळ्यांना ठाऊक आहे: पाणी दिसलं की ऊस लागतो आणि चार नवे बोअर पडतात. पगार वाढला म्हणून उधळपट्टी वाढवली तर महिनाअखेर तशीच!

यावरचा उपाय म्हणजे गावाचा पाण्याचा ताळेबंद. दिवाळीच्या सुमारास गावानं बसून मोजायचं: पाऊस किती झाला, विहिरींत किती आहे, माणसं-जनावरांना किती लागेल, मग रब्बीला काय परवडतं. जालना तालुक्यातलं कडवंची नव्वदच्या दशकातल्या पाणलोट कामातून उभं राहिलं आणि २०१२ च्या दुष्काळात तिथल्या द्राक्षबागा तगल्या, त्यामागं माथा ते पायथा केलेलं काम जितकं आहे तितकंच ठिबक आणि शेततळ्यांवरचं बारीक नियोजनही. शेततळं विहिरीतूनच उपसून भरलं तर मात्र तो ताळेबंद नव्हे, उन्हात वाळत घातलेलं भूजल!

"हे काम फुकट का करायचं?"

ज्याची चूल रोजच्या मजुरीवर पेटते त्याला श्रमदान मागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. बीड जिल्ह्यातली ऊसतोड कुटुंबं दसरा-दिवाळीला कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर थकून परततात. त्यांनी गावात पाऊल टाकलं की आमच्या हातात कुदळ तयार, हे बरं नाही. शिवाय चराचं पाणी ज्याच्या विहिरीत उतरतं त्याला विहीर आहे, भूमिहीनाला काय? रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्रानं १९७७ सालीच केला, तोही ७२ च्या दुष्काळात पाझर तलाव आणि नाला बांध खोदणाऱ्या हातांच्या जिवावर. माथ्यावरची मोठी कामं मजुरी देऊन व्हावीत. श्रमदान नोकरदारांनी, कॉलेजच्या पोरांनी आणि विहीरवाल्यांनी करावं, आणि राखण सगळ्या गावानं.

राहता राहिला मोठ्या देशांचा धूर. तो चरानं कमी होणार नाही. त्यासाठी कोळसा कमी व्हावा लागेल आणि ते राजकारण वेगळं आहे. आपण केलं म्हणून त्यांना सूट मिळत नाही, त्यांनी केलं नाही म्हणून आपली टेकडी थांबत नाही.

यायचं असेल तर

जानेवारी ते मे चर आणि दगडी बांध, जूनच्या अखेरीस लागवड, पावसाळ्यात कुठं फुटलंय ते बघत फिरणं, दिवाळीनंतर जाळरेषा. मार्च ते मे आठवड्यातून एकदा रोपांना पाणी. सकाळी सहाला सुरुवात, नऊला बंद, कारण त्यानंतर ऊन कुणालाच सोसत नाही.

आजोबांना त्या दिवशी मी एवढंच म्हणालो, "आभाळ नाही बाबा थंड होत. तुमची विहीर जरा उशिरा आटंल." ते म्हणाले, "मग असं सांगा की." आणि म्हशी वळवताना हातातली काठी खालच्या घळीकडे दाखवून म्हणाले, "तिथलं दगडं सरकल्यात. पुराच्या वक्ताला मी बघितलं."

खरंच सरकले होते. येत्या रविवारी ते बसवायचे आहेत, आणि वरच्या चार रांगांतले चर सप्टेंबरच्या गाळानं काठोकाठ भरलेत. तिथं कुदळ कामाची नाही, खोरी आणि घमेली लागतील. आमच्याकडे घमेली सहाच आहेत.